पण, तरी, मात्र

बार्शीतला संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग. अकरावी-बारावीची मुलं आणि आडत दुकानात काम करून थेट येणारे दोघं जण. फळ्यावर वाक्य दिलं होतं, पाऊस पडत होता तरी तो आला. बहुतेक वह्यांत एकच उत्तर : ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही केम.’

या ‘बट’वर मी वर्षानुवर्षं लाल रेघ मारत आले. आज हात थांबला. मुलांचं इंग्रजी चुकलं होतं, पण त्यांचा मराठी विचार अगदी नीट होता. आपल्याकडे ‘जरी’ आला की त्याच्या मागोमाग ‘तरी’ येतोच. मुलांनी मनातल्या ‘जरी’च्या जागी ‘ऑलदो’ बसवला आणि ‘तरी’ची जागा रिकामी कशी ठेवायची म्हणून तिथे ‘बट’ आणून ठेवला.

*

रात्री बसून जोडी सोडवून पाहिली. ‘पाऊस पडत होता तरी तो आला.’ यात ‘जरी’ नाही आणि काही अडत नाही. ‘जरी पाऊस पडत होता, तो आला.’ इथे जीभ अडखळते. म्हणजे जोडीतला खरा कामाचा शब्द ‘तरी’. आणि तो बसतो पहिल्या वाक्याच्या शेवटी. इंग्रजीत तेच काम करणारा शब्द सुरुवातीलाच येतो. इंग्रजी ऐकणाऱ्याला तोंड उघडताक्षणी कळतं की पुढे वळण आहे. मराठी ऐकणाऱ्याला ते वळणावर आल्यावर कळतं.

दुसऱ्या दिवशी मुलांना एवढंच सांगितलं. वाक्यातला ‘तरी’ उचला, सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवा, त्याचं नाव ‘ऑलदो’. मागे काही उरलं का? नाही. मग ‘बट’ कशाला?

वैरागकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हंजे ऑलदो म्हंजे ‘जरी’ नव्हंच. ‘तरी’ हाय.”

इतक्या वर्षांत एकाही गाइडात हे मला मिळालं नव्हतं.

*

मुलांची ही चूक इंग्रजीला तशी अनोळखी नाही. जुन्या इंग्रजीत ‘दो’ आणि ‘येट’ जोडीनं येत. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये अशी वाक्यं भरपूर आहेत. आपल्या गाइडांतही ‘दो... येट’ ही जोडी कित्येक वर्षं पाठ करून घेतली जायची. ती खपते, कारण ‘येट’ क्रियाविशेषणासारखा चालतो. ‘बट’ मात्र दोन वाक्यं बरोबरीनं जोडणारा आहे. ‘ऑलदो’नं एक वाक्य आधीच दुसऱ्याच्या हाताखाली दिलेलं असतं. एकच वाक्य हाताखालीही आणि बरोबरीचंही, असं होत नाही.

उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक हे भेद मुलांना मराठीच्या तासाला पाठ असतात. तीच पोरं इंग्रजीच्या तासाला बसली की ते विसरतात. दोन्ही तास एकाच डोक्यात होतात, हे आपण त्यांना सांगत नाही.

*

आमच्याकडची खेड्यातली मुलं ‘पण’ म्हणत नाहीत, ‘पर’ म्हणतात. “आलो असतो, पर यष्टी चुकली.” आणि ‘मी पण येतो’ असंही म्हणत नाहीत. “मी बी येतो.”

प्रमाण मराठीत एकाच ‘पण’नं दोन्ही कामं होतात, ‘परंतु’चं आणि ‘सुद्धा’चं. बोलीनं ती कामं वाटून दिली आहेत : विरोधाला ‘पर’, सोबतीला ‘बी’. इंग्रजीतही तसंच, ‘बट’ वेगळा, ‘ऑल्सो’ वेगळा. म्हणजे या जागी वैराग-पांगरीची बोली इंग्रजीच्या अधिक जवळ. आणि ‘पर’ ऐकला की मला ज्ञानेश्वरीतला ‘परी’ आठवतो. शाळेत आम्ही जो ‘पर’ खोडून ‘पण’ लिहायला लावतो, त्याच्या मागे एवढी जुनी सावली आहे.

बोली बोलणाऱ्या मुलाला विरोधाचे शब्द नव्यानं शिकवावे लागत नाहीत. त्याच्याजवळ असलेल्या शब्दांची नावं तेवढी सांगायची.

*

शब्दांची मुळं एका पानावर लिहून ठेवली.

‘पण’ हा संस्कृत ‘पुनः’वरून आला. पुन्हा. एकदा बोललो, आता पुन्हा बोलतो.

‘बट’ जुन्या इंग्रजीतल्या ‘बाहेर’ या अर्थाच्या शब्दावरून आला. ‘ऑल बट वन’, म्हणजे एक बाहेर ठेवून बाकी सगळे. ‘नथिंग बट’मध्येही तोच अर्थ अजून जिवंत आहे.

‘डिस्पाइट’च्या मुळाशी तुच्छतेनं खाली पाहणं आहे. पावसाला न जुमानता आलो, या ‘न जुमानता’मध्ये तो भाव नेमका उतरतो.

‘नेव्हरदलेस’ सोडवून पाहिला तर ‘यानं काही उणं होत नाही’ असं निघतं.

आणि आपला ‘बाकी’. अरबीतून आला, अर्थ ‘उरलेलं’. “पोरगा अभ्यासात कच्चा आहे, बाकी स्वभावानं सोनं.” व्याकरणाच्या पुस्तकात हा ‘बाकी’ ‘पण’, ‘परंतु’च्या रांगेत बसतो. बार्शीच्या बाजारात तो खतावणीत बसतो. आडत दुकानातल्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो पुढे सरकून बसला. दिवसभर जो शब्द लिहितो, तोच व्याकरणात निघाला म्हणून.

*

मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. त्या परंपरेनं ‘पण, परंतु, परी, किंतु, बाकी’ यांना नाव दिलं न्यूनत्वबोधक. इंग्रजी व्याकरण यांना विरोध दाखवणारे शब्द म्हणतं. आपण म्हणतो, उणेपणा दाखवणारे.

मला आपलं नाव अधिक खोल वाटतं. विरोध दोन गोष्टींत असतो. उणेपणा एका गोष्टीत दिसतो आणि तो कुणाला तरी दिसावा लागतो. “घर मोठं आहे, पण उजेड नाही.” मोठं घर आणि अंधार यांचं आपसात वैर नाही. मोठ्या घराकडून मी उजेडाची अपेक्षा धरली होती, तिथे कमी पडलं. ‘पण’ हा शब्द घराबद्दल जेवढं सांगतो, तेवढंच माझ्या अपेक्षेबद्दल सांगतो.

हे नाव समजावून दिलं की ‘बट’ समजतो. नुसतं भाषांतर दिलं तर तो पाठ होतो.

*

दोन वाक्यं फळ्यावर लिहिली.

दाणा टपोरा आहे, पण भाव जास्त आहे.
भाव जास्त आहे, पण दाणा टपोरा आहे.

“फरक काय?”

बारावीची मुलं गप्प. दुकानातला मुलगा म्हणाला, “पहिलं घेणाऱ्याचं, दुसरं इकणाऱ्याचं.”

हेच सगळं आहे. माहिती तीच, शब्द तेच. ‘पण’च्या मागे जे येतं ते ऐकणाऱ्याच्या हाती राहतं. इंग्रजीत ‘बट’ वापरा किंवा ‘ऑलदो’, जोर कुठे टाकायचा ते आधी ठरवायचं आणि मग शब्द निवडायचा. ‘ऑलदो’ ज्या वाक्याला लागतो त्याचं वजन कमी होतं. परीक्षेत ‘बट काढून ऑलदो घाला’ असं विचारतात तेव्हा ‘ऑलदो’ पहिल्या अर्ध्याला लावायचा की दुसऱ्याला, इथेच मुलं चुकतात. या दुकानदारीच्या उदाहरणानंतर कमी चुकली.

*

‘हाउएव्हर’ म्हणजे ‘मात्र’. याला मी ‘तथापि’ शिकवत होते. ‘तथापि’ मुलांनी कधी तोंडानं उच्चारलेला नसतो. अनोळखी शब्दासाठी दुसरा अनोळखी शब्द, असा तो व्यवहार होता.

‘मात्र’ची चाल पाहा. “सगळे आले. ती मात्र आली नाही.” तो वाक्याच्या सुरुवातीला न येता, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या पाठीला लागून येतो. ‘शी, हाउएव्हर, डिड नॉट कम.’ तीच जागा, तीच चाल. ‘पण’ला आणि ‘बट’ला वाक्याच्या तोंडाशी उभं राहायला आवडतं. ‘मात्र’ आणि ‘हाउएव्हर’ आत शिरून बसतात.

*

दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये ‘हाउएव्हर’ आला, तर त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, नंतर स्वल्पविराम. मुलं दोन्ही बाजूंना स्वल्पविराम देऊन दोन पूर्ण वाक्यं चिकटवतात.

मोडीत विरामचिन्हं नव्हती. वाक्य कुठे संपलं, कुठे वळलं, हे शब्दांनीच सांगायचं. ‘परंतु’ला वळणावरच्या पाटीचं काम एकट्यानं करावं लागे. इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हं मराठीत रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा. त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० चं. म्हणजे हा अर्धविराम आपल्याकडे इंग्रजीतूनच आला, आणि आता इंग्रजी लिहिताना आपण तोच विसरतो.

*

आईच्या तोंडचं वाक्य आज वर्गात उपयोगी पडलं. “भाजी छान झालीय. तिखट आहे पण.”

हा शेवटी येणारा ‘पण’ पुस्तकात नसतो, स्वयंपाकघरात असतो. आधी बोलून झालेलं असतं, मग हळूच एक उणं जोडायचं. इंग्रजीत बोलताना शेवटी ‘दो’ येतो तो हाच. ‘इट वॉज नाइस. अ बिट स्पायसी, दो.’ मुलांनी सिनेमांत हा शेवटचा ‘दो’ ऐकला होता, पण तो काय करतो ते त्यांना कळलं नव्हतं. आता कळलं. त्या दिवशी जो तो वाक्याच्या शेवटी ‘दो’ लावत होता.

*

‘डिस्पाइट ऑफ.’ ही दुसरी जुनी चूक.

‘इन स्पाइट ऑफ’मधला ‘स्पाइट’ हे नाम. त्याला पुढच्याशी जोडायला ‘ऑफ’ लागतो. ‘डिस्पाइट’ स्वतःच जोडणारा. त्याला आणखी दुवा नको.

त्याहून मोठी गोष्ट, या दोघांच्या पुढे पूर्ण वाक्य येत नाही. नाम येतं, नाहीतर ‘इंग’ लागलेलं रूप. इथेही मराठी हात देते. ‘पाऊस पडला तरी’ हे वाक्य आहे. ते ‘ऑलदो’कडे जातं. ‘पावसातही’, ‘पाऊस असूनही’, ‘धावूनही’ यांत वाक्य मोडून त्याचा तुकडा झालेला आहे. ते ‘डिस्पाइट’कडे जातात. क्रियापद धडधाकट उभं असेल तर ‘ऑलदो’, ‘ऊन’ लागून वाकलं असेल तर ‘डिस्पाइट’. मुलांनी वहीत दोन रकाने केले : उभं आणि वाकलेलं.

*

‘तर’ हा शब्द आपण ‘जर-तर’मधला म्हणूनच ओळखतो. त्याचं दुसरं काम पाहा.

“बार्शी मुंबई इलाख्यात होती, तर शेजारचं उस्मानाबाद निजामाच्या राज्यात.”

सप्टेंबर १९४८ पर्यंत ही सीमा गावाच्या इतकी जवळ होती. पलीकडे जुलूम वाढला की माणसं इकडे येत आणि हैदराबाद मुक्तीसाठी लढणारे इकडच्या सीमेवर तळ टाकत. या वाक्यातला ‘तर’ कुणाला उणं म्हणत नाही. दोन प्रदेश शेजारी शेजारी ठेवतो, फरक आपोआप दिसतो. हाच ‘व्हेअरॅज’.

*

‘व्हेअरॅज’चं दुसरं उदाहरण बार्शीचंच, आणि ते मी दरवर्षी देणार.

बार्शीत ग्रामीण भागासाठीची कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. देशातली अशी ती पहिली. पुढे इथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयानं, मुंबईच्या टाटा मेमोरियलनं आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल मोठा अभ्यास केला. खेड्यांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चार विभाग : एकात एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकात पेशींची, एकात नुसत्या डोळ्यांनी पाहून केलेली, चौथ्यात नेहमीची व्यवस्था. निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले.

मुलांनी ते एका वाक्यात लिहायचं होतं. एचपीव्ही तपासणीच्या विभागात या कर्करोगानं होणारे मृत्यू लक्षणीय कमी झाले, तर इतर दोन तपासण्यांच्या विभागांत तशी लक्षणीय घट दिसली नाही. इथे ‘बट’ही चालेल. पण तपासण्यांची तुलना मांडताना ‘व्हेअरॅज’ शांत आहे. आकड्यांवर आवाज चढवत नाही.

एका मुलीनं विचारलं, “मॅडम, यात आमच्या आजीचं बी नाव असंल का?” तिची आजी पलीकडच्या तालुक्यातली. मी म्हटलं, असू शकेल. मग ‘व्हेअरॅज’चं स्पेलिंग तिनं तीनदा लिहिलं.

*

‘उलट’ आणि ‘याउलट’.

“तू दमलास?” “नाही. उलट मजा आली.” हा ‘उलट’ आधीचं म्हणणं खोडतो. ‘ऑन द कॉन्ट्ररी.’

“मोठा बोलका आहे. याउलट धाकटा.” हा काही खोडत नाही, दुसरी बाजू दाखवतो. ‘ऑन द अदर हँड.’

निबंधात मुलं या दोघांची अदलाबदल करतात. एक ‘या’ लक्षात ठेवला की पुरे.

*

सरावासाठी वाक्यं. गाइडातला राम आणि गाइडातली सीता नको. आपल्या गावाची हवीत.

बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रूळ अडीच फुटी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची आखणी. प्रत्येक आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही आणि तो सगळ्या आसांवर सारखा वाटायचा, ही त्यांची युक्ती. त्यामुळे यार्डाला ३० पौंड वजनाच्या हलक्या रुळावरूनही भरलेले डबे जात. १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला.

१. रूळ हलके होते, पण डबे भरलेले जात. (ऑलदो)
२. रूळ अरुंद असूनही गाडी मिरजेपर्यंत गेली. (डिस्पाइट)
३. पूर्वीची गाडी अरुंद रुळावर होती, आताची रुंद रुळावर आहे. (व्हेअरॅज)
४. गाडी हळू जायची. लोकांना ती आपली वाटायची. (मात्र, म्हणजे ‘हाउएव्हर’)

चौथं वाक्य एकानं घरी आजोबांना वाचून दाखवलं. आजोबांनी त्याला कुर्डुवाडीपर्यंतची सगळी स्टेशनं सांगितली.

*

एक वाक्य वह्यांतून काढून टाकायला सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे : ‘ही इज पुअर बट ऑनेस्ट.’ तो गरीब आहे, पण प्रामाणिक आहे.

न्यूनत्वबोधक म्हणजे काय, हे आता मुलांना ठाऊक होतं. त्यांना विचारलं, इथे अपेक्षा कोणती धरलीय? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ज्याचे वडील हमाली करतात तो म्हणाला, “गरीब म्हंजे चोर, असं धरलंय.”

व्याकरण म्हणून वाक्य निर्दोष आहे. पूर्ण गुण मिळतील. आपण ते दरवर्षी मुलांकडून शंभरदा रूपांतरित करून घेतो, ‘दो’ घालून, ‘ऑलदो’ घालून, ‘इन स्पाइट ऑफ’ घालून. प्रत्येक वेळी आतली समजूत तशीच राहते, कपडे बदलत जातात.

त्यानंतर आम्ही अशी वाक्यं शोधत बसलो. मुलगी असूनही हुशार. खेड्यातला असला तरी स्वच्छ. म्हातारी आहे पण समजूतदार. कुणी मुद्दाम वाईट बोलत नाही. ‘पण’ आणि ‘असूनही’ मनात आहे ते बाहेर आणतात.

*

पांगरीकडून येणारी मुलगी पुण्यात एका ठिकाणी मुलाखत देऊन आली. नोकरी मिळाली. तिला तिथे इंग्रजीत म्हणाले होते, मराठी माध्यमात शिकूनही तुमचं इंग्रजी चांगलं आहे. ती ते आनंदानं सांगत होती आणि सांगता सांगता थांबली. “मॅडम, ‘डिस्पाइट’ होतं त्यात.”

मी काही बोलले नाही. मनात आलं, हे गाव मराठी शाळांनी उभं केलं. मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ मध्ये इथे शिक्षणसंस्था काढली ती शेतकऱ्यांच्या पोरांसाठी. त्या पोरांच्या शिकण्यात ‘असूनही’ कुठे बसतं? मराठी हा अडथळा होता आणि तो ओलांडून इंग्रजी आलं, अशी ही मांडणी. या मुलीला ‘ऑलदो’ कळला तो ‘तरी’तून. ‘हाउएव्हर’ कळला ‘मात्र’मधून. इंग्रजी मराठीवरून चालत तिच्यापर्यंत आलं.

तिनं फळ्यावर ते वाक्य लिहिलं, ‘डिस्पाइट’ पुसला आणि बराच वेळ खडू हातात धरून उभी राहिली. शेवटी तिथे ‘बिकॉज ऑफ’ लिहिलं.

हा फळा मी आज पुसला नाही.

*

आज दुपारपासून झड. चार वाजता ग्रुपवर पहिला निरोप : मॅडम, पाऊस आहे, क्लास आहे का?

मी लिहिलं, पाऊस आहे तरी क्लास आहे.

पाच मिनिटांनी वैरागकडच्या मुलाचं उत्तर आलं. ‘डिस्पाइट द रेन, वी आर कमिंग.’ ‘ऑफ’ नव्हता. त्याखाली दुसऱ्याचं : ‘यष्टी इज लेट, दो.’

दिवा लावला, चटया अंथरल्या. वाट पाहते आहे.